कळ आली की वाढव

सकाळी 6.10

आषाढातला पाऊस रात्रीपासून लागून राहिलाय. संगमेश्वरजवळच्या कसब्यातल्या घराच्या पडवीत फिजिओ मॅडम बॅग भरताहेत. गाव त्यांना याच नावाने ओळखतं.

आधी पट्ट्या. चौकोनी, चिकट, मागून वायर जोडायच्या. चारचा संच 220 रुपयांना. उघड्या राहिल्या तर उन्हाळ्यात वाळतात, पावसाळ्यात बुळबुळीत होतात. म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि पाकीट स्टीलच्या डब्यात. मग मशीन. पंजात मावेल एवढं पांढरं खोकं, वर दोन चकत्या, खाली दोन वायरी, प्रत्येक वायरीला दोन टोकं. नाव टेन्स. तीन वर्षांपूर्वी 3,200 रुपयांना घेतलेलं. परदेशात बाळंतपणासाठी वेगळं मशीन मिळतं, कळ आली की दाबायला त्याला बटण असतं. हे साधं, कंबर-गुडघ्याचं. यात चकतीच फिरवायची.

पाठीमागे 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. मॅडम एक पट्टी स्वतःच्या मनगटाजवळ आणि दुसरी कोपराजवळ लावतात, चकती हळूच फिरवतात. बोटं थरथरली. बॅटरी ठीक आहे. तरी जादाच्या दोन बॅगेत जातात, 60 रुपयांची एक. स्पिरिट, कापूस, मायक्रोपोर, साबणाची वडी, जुना टॉवेल, रबराची गरम पाण्याची पिशवी. सगळ्यात शेवटी टेनिसचा चेंडू.

"आज कोणाची तारीख आहे?" मी विचारते.

"तारीख एकीची परवा आहे. पण पोरं तारीख बघून येत नाहीत."

सकाळी 8.40

संगमेश्वरची बाजारपेठ. शास्त्री आणि सोनवी दोन्ही नद्या गढूळ, फुगलेल्या. दुकानदार पाण्याकडे एक नजर ठेवून फळ्या उघडताहेत. क्लिनिक म्हणजे एक खोली, भाडं महिना 3,500. दोन खाटा, एक पडदा, भिंतीला दोरीची कप्पी, टेबलावर विजेवर चालणारं मोठं मशीन.

बाकावर पाच बाया आधीच बसल्यात. लावणी चालू आहे. दिवसभर चिखलात वाकायचं, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. पहिली बाई माखजनकडची. एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ती एकटी येते. 400 रुपये रोजाने लावणीला जाते. आज खाडा केलाय.

"उद्या जायलाच होवं," ती पालथी पडून सांगते.

मॅडम तिच्या कमरेला मणक्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्या लावतात. 20 मिनिटं मशीन, मग अंगठ्याने दाबणं, मग तीन व्यायाम. तिसरा व्यायाम बाई घरी करणार नाही हे दोघींनाही माहीत आहे, तरी मॅडम तो नीट करून घेतात. फी 200.

दुपारपर्यंत सात जण होतात. पाच जणांनी पैसे दिले. एकाचे उधार. एका आजीने टाकळ्याची जुडी आणली, ती खिडकीत पाण्यात ठेवलीय.

दुपारी 12.50

फोन. नर्सिंग होमच्या सिस्टर.

"मॅडम, ती पहिलटकरीण आली. परवाची तारीखवाली. पाच सेंटिमीटर उघडलंय."

"कळा कधीपासून?"

"पहाटे चारपासून. दर चार-पाच मिनिटांनी एक."

मॅडम डबा तसाच झाकून ठेवतात. दोन घास भाकरी उभ्याने. संध्याकाळच्या पाच पेशंटना फोन करायचे, उद्या या म्हणून. चार जण उचलतात. पाचव्यासाठी दाराला चिठ्ठी.

दुपारी 1.20

स्कूटरवरून महामार्गाच्या कडेकडेने. रुंदीकरणाचा चिखल, खड्ड्यांत पाणी साचलेलं, खोली कळत नाही. रेनकोट असूनही खांद्यापर्यंत भिजायला होतं. बॅग मात्र आत, पोटाशी.

नर्सिंग होम छोटं आहे. लेबर रूमबाहेर पोरीची आई आणि आजी. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली पोरगी, वय 23. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होतं, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला जननी सुरक्षेचे 700 रुपये वर मिळतात. पण नवऱ्याने मुंबईहून निक्षून सांगितलंय, खासगीतच न्या. तो पहाटेच निघाला. आता माणगावच्या गर्दीत अडकलाय.

मला आत येऊ दिलं ते पोरीला आणि तिच्या आईला विचारून. नाव लिहायचं नाही, या बोलीवर. मी भिंतीशी उभी राहते.

दुपारी 1.35

पोरगी कुशीवर. कळ येते तशी खाटेची कड धरते, दात आवळते, आवाज काढत नाही. आईने बजावलेलं असणार, ओरडू नकोस. मॅडम पहिलं ते सोडवतात.

"ओरड हवं तर. इथे कोणी हसणार नाही. पण तोंडाने श्वास सोड. फूऽऽ. असा."

मग पाठ बघतात. पाठीवर खोबरेल. आजीने सकाळी मायेने चोळलेलं, कंबरेपासून मानेपर्यंत. तेलावर पट्टी धरत नाही. साबण लावून ओल्या टॉवेलने पुसायचं, मग स्पिरिटचा बोळा, मग कोरडा कापूस. दोन कळांच्या मधल्या वेळात एवढं जमवायचं. पहिली कळ पुसण्यातच जाते. दुसरीच्या आधी वरच्या दोन पट्ट्या बसतात, ब्लाउजच्या खालच्या काठाच्या उंचीला, मणक्यापासून दोन बोटं बाजूला. तिसरीच्या आधी खालच्या दोन, कमरेखाली दोन खळ्या पडतात तिथे.

या जागा ठरलेल्या आहेत. पिशवीचं तोंड उघडताना जी कळ येते तिच्या नसा छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या पट्ट्यात शिरतात. बाळ खाली उतरू लागलं की दुखणं त्याखालच्या, माकडहाडाच्या वरच्या नसांवर येतं. म्हणून वर एक जोडी, खाली एक जोडी. पोटावर पट्टी कधीच लावायची नाही. हृदयाला पेसमेकर असेल तर मशीनच लावायचं नाही. फिट येत असतील, महिने भरले नसतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मॅडमनी हे सगळं सातव्या महिन्यातच विचारून ठेवलंय, तरी आज पुन्हा विचारतात.

100 हर्ट्झ. प्रत्येक ठोका 100 मायक्रोसेकंदांचा. चकत्या शून्यावर. मग मशीन पोरीच्याच हातात देतात.

"तू फिरव. हळू. मुंग्या आल्या की सांग."

"आल्या."

"दुखतंय?"

"नाही. गुदगुल्या होताहेत."

"कळ आली की वाढव. गेली की कमी कर. मी हात लावणार नाही. आणि ऐक, कळ थांबणार नाही याने. ती हवीच आहे, तिनेच बाळ येणार. फक्त पाठीत दुसरं काहीतरी चालू राहील."

दुपारी 2.15

आजी आत येते. वायरी बघून कपाळाला हात.

"करंट देताव पोरीला? आन् बाळाला लागला तर?"

मॅडम तिला स्टुलावर बसवतात. सुटी पट्टी तिच्या मनगटाला लावून दाखवता आली असती, पण मशीन पोरीच्या हातात आहे आणि ते काढून घ्यायचं नाही. म्हणून नुसतं बोलणं.

"आजी, कोपर दाराला आपटलं तर काय करता?"

"चोळतंय."

"का?"

"बरं वाटतं म्हणून."

"तेवढंच हे. चोळल्याचा निरोप आधी पोचतो, दुखल्याचा मागे रेंगाळतो. करंट कातडीजवळच्या नसांपुरता. बाळ लांब आहे."

हे सांगणारे दोघं होते, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल. 1965 साली त्यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं की मज्जारज्जूत दुखण्याला एक फाटक असतं, आणि स्पर्शाचे, दाबाचे, थरथरीचे निरोप ते फाटक अर्धवट ओढून घेऊ शकतात. त्यातून ही मशीनं आली. बाळंतपणाच्या कळांवर स्वीडनमधल्या डॉक्टरांनी 1977 मध्ये ती वापरून पाहिली. मॅडमना हे साडेचार वर्षांच्या पदवीत शिकवलं होतं, एका तासात. लेबर रूममध्ये पट्टी लावायला कोणी शिकवलं नाही. ते इथे येऊन, विचारत विचारत.

आजीचं अर्धंच पटतं. ती नातीच्या केसांवरून हात फिरवते. "आमी खांब धरून उभ्या ऱ्हायचो. सुईण मागून कंबर दाबायची."

"तेही करणार आहे मी," मॅडम म्हणतात.

दुपारी 3.30

डॉक्टरबाई तपासतात. सहा सेंटिमीटर. बाळाचे ठोके 142. सिस्टर ते ठोके कागदावर उतरवणाऱ्या एनएसटीचा पट्टा पोटाला बांधतात, कागदावर रेघ दाट काटेरी उमटते. टेन्सचा त्रास. मॅडम पोरीला दोन्ही चकत्या खाली आणायला सांगतात, रेघ साफ होते. 20 मिनिटं तसंच काढायचं. त्या 20 मिनिटांत चार कळा.

दुसऱ्या कळेला पोरगी म्हणते, "लावा ना परत."

मॅडम चकतीऐवजी हात लावतात. पोरीला खाटेवर गुडघे टेकवून पुढे उशीवर ओणवं केलंय. मॅडम मागे उभ्या. तळहाताचा खालचा भाग माकडहाडाच्या वर, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, आणि अंगाचा सगळा भार पुढे. कळ जाईपर्यंत 50-60 सेकंद. मग हात झटकायचे, पुन्हा. मनगट दुखू लागलं की टेनिसचा चेंडू मधे घ्यायचा. आईला जवळ बोलावून तिचा हात बरोबर जागेवर ठेवून दाखवतात. आई तांदळाचं पीठ मळावं तशा सवयीने दाबते, लगेच जमतं तिला.

दुपारी 4.05

बाहेरच्या बाकावर चहा. पहिलं बसणं. मॅडम बोटं उघडझाप करताहेत.

मी विचारते, खरंच कमी होतं का?

त्या उत्तर सजवत नाहीत. अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा 2009 चा आढावा आहे, 19 अभ्यास, 1,671 बाया. दुखण्याचे आकडे फारसे खाली आले नव्हते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2007 मध्ये सांगितलं, कळा पक्क्या सुरू झाल्यावर हे देऊ करू नका. ब्राझीलच्या एका छोट्या अभ्यासात, 2016 च्या, 46 बायांपैकी ज्यांना सुरुवातीलाच अर्धा तास मशीन लावलं त्यांनी दुखण्याचं औषध सरासरी पाच तास उशिरा मागितलं. आणि कोक्रेनच्याच आढाव्यात, मशीन लावलेल्या बऱ्याच जणी म्हणाल्या, पुढच्या खेपेलाही लावू.

"आकडा खाली येत नाही आणि बाई म्हणते परत लावू. दोन्ही खरं आहे. मला दोन्ही दिसतं इथे."

पाठीच्या मणक्यात देतात त्या इंजेक्शनाने दुखणं खरोखर जातं. पण त्याला भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हाताशी लागतो. इथे भूलतज्ज्ञ सिझर ठरलं की फोन करून बोलवतात. रत्नागिरी 45 किलोमीटर. दंडातलं इंजेक्शन आहे, ते दिलं की गुंगी येते, मळमळतं, आणि अगदी शेवटी दिलं तर बाळ सुस्त निघू शकतं. डॉक्टरबाई मागितलं तर देतात, वेळ बघून. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बाळंतपणात सोबत, मालीश आणि गरम शेक यांची शिफारस केली आहे. त्याला लागतात माणसाचे हात आणि तास.

मी हे इथे सांगितलंच पाहिजे. बाईने सोसायचंच असतं, हे वाक्य मी या जिल्ह्यात फार शांत आवाजात ऐकलंय, तेही बायकांकडूनच. एक बाई दुसरीच्या मागे सहा तास उभी राहते, ती हे वाक्य न मानता उभी राहते.

कप अर्धा असताना आतून हाक येते.

दुपारी 4.40

लाइट गेली. इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि बाळाचा वॉर्मर, पंखा बंद. खोलीत घाम आणि डेटॉलचा वास. मशीन बॅटरीवरचं, ते चालू आहे. वरची डावी पट्टी घामाने सुटू लागते. मॅडम कापसाने टिपतात, वर मायक्रोपोरची पट्टी मारतात.

पोरीचा अंगठा आता चकतीवरच असतो. कळ यायच्या आधी तिला कळतं. डोळे मिटते, चकती फिरवते, फूऽऽ. कळ ओसरते, चकती मागे. कोणी सांगत नाही. आकडा पहिल्या गुदगुल्यांच्या दुप्पट झालाय.

संध्याकाळी 5.45

आठ सेंटिमीटर. आता कळांमध्ये उसंत नाही. पोरगी थरथरते. उलटी होते, दवाखान्यातल्या मावशी ट्रे धरतात. मशीन हातातून खाली पडतं, वायरीला लोंबकळतं. मॅडम उचलून परत तिच्या मुठीत देतात.

"नको. काढा हे सगळं. सिझर करा."

"काढू?"

पुढची कळ येते. पोरगी काही बोलत नाही, चकती पार शेवटपर्यंत फिरवते. मुंग्या कमजोर वाटतात, ती मॅडमकडे रागाने बघते. बॅटरी उतरलीय. मॅडम ब्लाउजात खोचलेली नवी बॅटरी काढतात. आधी चकत्या शून्यावर, मग झाकण, मग बॅटरी, मग पुन्हा हळूहळू वर. घाईत शून्यावर न आणता बॅटरी बदलली तर एकदम चटका बसतो. सगळं 15 सेकंदांत होतं. तेवढ्या वेळात आईचे दोन्ही हात कमरेवर.

पोटाला गरम पाण्याची पिशवी. पाठीला नाही, पट्ट्यांवर शेक द्यायचा नसतो.

"परत विचारते. काढू?"

"राहू दे."

डॉक्टरबाई दारात उभ्या आहेत. ठोके चांगले आहेत, पुढे सरकतंय. सिझरचं कारण नाही. त्या पोरीजवळ बसून तिला हे सरळ सांगतात. घाबरवत नाहीत, उगाच धीरही देत नाहीत. अजून तास-दीड तास, म्हणतात.

संध्याकाळी 6.50

पूर्ण उघडलं. टेबलावर घेताना वरच्या दोन पट्ट्या काढून टाकतात, वायरी मधे येतात. खालच्या दोन राहतात. मॅडमची जागा आता डोक्याशी. पोरीची मान हाताच्या वाकात धरायची, हनुवटी छातीला. सिस्टर म्हणतात, जोर लाव. मॅडम म्हणतात, आता थांब, श्वास घे. पोरीने मशीन टाकून मॅडमचं मनगट धरलंय, नखं रुतलीत.

सव्वासातला मॅडम खालच्या पट्ट्याही काढतात. आता सगळं काम डॉक्टरबाईंचं आणि सिस्टरांचं.

संध्याकाळी 7.38

मुलगी. 2 किलो 900 ग्रॅम. रडायला वेळ लावत नाही. मावशी पुसून पोरीच्या छातीवर ठेवतात. आजी बाहेरूनच विचारते, "दोगीबी बऱ्या हायत ना?"

वार पडते. दोन टाके.

रात्री 8.25

नवरा पोचलाय. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात वाशीहून घेतलेला मिठाईचा बॉक्स. आधी मुलीला बघतो, मग बायकोच्या उशाशी बसतो, मग बाहेर येऊन पाकीट काढतो.

मॅडमची बाळंतपणाची फी 1,200, कितीही तास लागोत. त्यातून पट्ट्यांचे 220 गेले. एका बाईच्या पट्ट्या दुसरीला लावत नाहीत, या पोरीलाच दिल्या, पुढे कंबर दुखली तर उपयोगी पडतील. बॅटरीचे 60. उरले 920. संध्याकाळचे पाच पेशंट सोडले त्यांचे 1,000 झाले असते. पेट्रोल त्या हिशेबात धरत नाहीत.

मशीन स्पिरिटने पुसून, वायरी गुंडाळून डब्यात. मनगटावर चार नखांचे चंद्र, त्यावर मॅडम स्वतःच स्पिरिटचा बोळा फिरवतात.

वहीत नोंद करायची असते. त्या पोरीजवळ जातात. ती पेज पितेय.

"मशीन लावायच्या आधी दुखणं दहापैकी किती होतं?"

"आठ."

"लावल्यावर?"

पोरगी विचार करते. "सात. शेवटी तर दहाच."

मॅडम लिहितात. 8, 7, 10.

"पुढच्या खेपेला लावशील?"

"पुढची खेप आता कशाला काढताय," पोरीची आई म्हणते.

पण पोरगी उत्तर देते. "लावेन. दुखत होतंच. पण कळ माझ्यावर नुसती येऊन पडत नव्हती. मला काहीतरी करता येत होतं."

मॅडम हेही लिहितात, तिच्याच शब्दांत, आकड्यांच्या खाली.

रात्री 8.50

पाऊस थोडा कमी. पायरीवर सिस्टर भेटतात, त्यांचीही ड्यूटी सुटलीय. त्या छत्री उघडताहेत, मॅडम रेनकोट चढवताहेत. पुढच्या आठवड्यात आणखी एकीची तारीख आहे, धामणीची, दुसरी खेप.

"दुसरी खेप म्हणजे पटापट होईल," मॅडम म्हणतात. "मला पाच सेंटिमीटरला नका फोन करू. तीन झालं की करा. रात्री असलं तरी."